प्रॉक्सीमागचा आवाज

भरतेश गेल्याची बातमी सुनीतीला मंगळवारी सकाळी अकरा वाजता पुण्यात कळली, आणि दुपारी चारच्या सुमाराला ती इचलकरंजीच्या घरात शिरली तेव्हा तिची आई भरतेशशीच फोनवर बोलत बसली होती.

आईने तिला बघितलं आणि हातानेच 'थांब' अशी खूण केली. मग फोनमध्ये म्हणाली, "अरे, अक्का आलीय बघ. सुट्टी नाही, सण नाही, मंगळवारची आलीय. घे, बोल तिच्याशी."

सुनीतीच्या हातात फोन आला.

"अक्का? अशी अचानक कशी काय? गाडी काढलीस का बसनं आलीस?"

आवाज भरतेशचाच होता. वाक्य संपता संपता थोडं हसायची त्याची लकबही तीच. सुनीतीने फोन बंद केला आणि ती चपला न काढताच खाली बसली. येताना पाच तास तिने मनात वाक्यं जुळवली होती. कराडला चहा प्यायला थांबली तेव्हाही जुळवत होती. आईला आधी पाणी द्यायचं, मग हात धरायचा, मग सांगायचं. पण आई भरतेशशी बोलत असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं तर ते तिच्या डोक्यात यायला हवं होतं. ती व्यवस्था तिनेच उभी केली होती.

भरतेश मगदूम, सुनीतीचा धाकटा भाऊ, एकतीस वर्षांचा होता. पॉलिटेक्निकची पदविका, मग सहा वर्षं यंत्रमागांच्या शेडमध्ये जनरेटर दुरुस्ती. मागच्या वर्षी तो दक्षिण ध्रुवाकडच्या एका संशोधन केंद्रावर जनरेटरचा मेकॅनिक म्हणून चौदा महिन्यांसाठी गेला. तिथे मार्चनंतर कोणी येऊ शकत नाही आणि कोणी परत जाऊ शकत नाही. उपग्रहाची जोडणी दिवसातून थोडाच वेळ मिळते, तीही आधी शास्त्रज्ञांच्या कामाला. वादळ असलं की आठ-आठ दिवस काहीच नाही.

अशाच लोकांसाठी सुनीतीच्या कंपनीने 'दुवा' नावाचं ॲप काढलं होतं. जहाजावरचे, सीमेवरचे, खाणीतले, दूरदेशी रात्रपाळी करणारे. माणसाच्या जुन्या फोनवरच्या गप्पा चाळीसेक तास ऐकवल्या, की यंत्र त्याचं प्रतिरूप तयार करायचं. तोच आवाज, तेच शब्द, त्याच सवयी. माणूस स्वतः उपलब्ध नसेल तेव्हा प्रतिरूप बोलायचं आणि बोलण्याचा गोषवारा मागाहून त्या माणसाकडे पाठवायचं. गिऱ्हाइकाला हे सगळं सही करतानाच सांगितलेलं असे. आईनेही सही केली होती. बालवाडीत तीस वर्षं शिकवलेल्या आईने, पद्मावतीबाईंनी, स्वतःच्या प्रतिरूपासाठी जुन्या गप्पा कमी पडल्या म्हणून तीन दुपारी हौसेने बसून मोठ्याने वाचन केलं होतं. "मशीन बोलतं तेव्हा मला बरोबर कळतं," असं त्या शेजारणींना सांगत.

प्रतिरूपं बनवणारे लोक वेगळे होते. सुनीतीचं काम ती लोकांपर्यंत पोचवण्याचं.

आपण एखादं ॲप उघडतो तेव्हा ज्या यंत्रावर ते चालतं त्याच्याशी आपली थेट गाठ पडत नाही. मध्ये एक प्रॉक्सी सर्व्हर असतो. कॉलेजात हजेरीच्या वेळी दुसऱ्याच्या नावाला 'हजर' म्हणणारा मित्र असतो ना, त्यालाही प्रॉक्सीच म्हणतात, आणि ते नाव काही उगाच नाही. आपण काहीही मागितलं तरी उत्तर प्रॉक्सीच देतो. ते त्याने मागच्या दहा यंत्रांपैकी कुणाकडून आणलं, हे आपल्याला दिसत नाही. दर दहा सेकंदांनी तो मागच्या प्रत्येक यंत्राला विचारतो, 'आहेस का?' तीनदा उत्तर आलं नाही की तो त्या यंत्राच्या नावावर फुली मारतो आणि पुढचं काम राखीव यंत्राकडे वळवतो. पुढच्या माणसाला काही कळत नाही. तेच तर प्रॉक्सीचं कौशल्य. 'दुवा'मध्ये खरा माणूस हे पहिलं यंत्र होतं आणि प्रतिरूप हे राखीव.

सुरुवातीला एक गोष्ट होती. मागून येणाऱ्या प्रत्येक उत्तराबरोबर एक चिठ्ठी यायची, उत्तर कोणी दिलं याची. प्रॉक्सी ती चिठ्ठी तशीच पुढे पाठवायचा आणि प्रतिरूप बोलत असेल तर फोनवर छोटा पिवळा ठिपका दिसायचा. पण ठिपका दिसला की लोक फोन ठेवायला लागले. सुनीतीचे साहेब देवव्रत कामत एकदा तिच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "ती चिठ्ठी प्रॉक्सीपाशीच गळू दे. नोंद आपल्याकडे राहू दे, पुढे कशाला पाठवायची?" सुनीतीने एक ओळ लिहिली. अर्धं मिनिटही लागलं नाही.

त्या मंगळवारी पहाटे भरतेश इंधनाच्या नळीवरचा बर्फ काढायला दोर धरून बाहेर गेला होता. वादळ वाढलं. दोन तासांनी त्याचा देहच सापडला. तिकडून प्रॉक्सीच्या 'आहेस का'ला उत्तर आलं नाही, म्हणून नेहमीसारखी फुली पडली आणि काम राखीवाकडे गेलं. एखादा माणूस वादळाने संपर्कातून तुटला की कायमचा गेला, हे ओळखायची सोय त्यात कोणी ठेवलीच नव्हती.

सुनीतीने आईचा हात धरला आणि सांगितलं.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असं कसं असेल? आत्ता तर बोलला. तुझ्यासमोर बोलला."

"ते मशीन होतं आई."

"मला कळतं मशीन. ते मशीन नव्हतं. तुमच्या त्या हापिसवाल्यांनी दुसऱ्याच कुणाचं नाव घेतलं असेल. थांब, मीच विचारते त्याला."

सुनीती नको म्हणेपर्यंत फोन लागलाही होता.

"भरतेशा, तू बरा आहेस ना बाळा?"

"मला काय धाड भरलीय?" पलीकडून आवाज आला. "दोन नंबरचा जनरेटर तेवढा कुरकुर करालाय. बाकी झकास. तू का गं असं विचारालीस?"

आईने सुनीतीकडे बघितलं. तिचा चेहरा उजळला होता. तो चेहरा सुनीतीला पुढे कधीच विसरता आला नाही.

सुनीतीने पिशवीतून लॅपटॉप काढला. घरातून काम करण्याची मुभा असल्याने प्रॉक्सीच्या सगळ्या किल्ल्या तिच्याकडे होत्या. तिने भरतेशच्या नावाची नोंद उघडली. दोन ओळी होत्या. पहिली केंद्रावरची, जिच्यापुढे फुली पडलेली. दुसरी राखीव. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून ती थांबली. ही ओळ पुसली की तो आवाज पुन्हा येणार नव्हता, ना आईला, ना तिला. अजून तिनेही त्याला धड उत्तर दिलं नव्हतं. गाडीनं आलीस का बसनं, एवढं त्याने विचारलं होतं.

तिने ओळ पुसली आणि प्रॉक्सीला नवी यादी वाचायला लावली.

"आता लाव," ती म्हणाली.

आईने फोन लावला. पडद्यावर पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत पाटी आली, 'आपण संपर्क करत असलेली व्यक्ती उपलब्ध नाही.' तीन वर्षांत 'दुवा'च्या एकाही गिऱ्हाइकाला ही पाटी दिसली नव्हती. सुनीतीची कंपनीत वाहवा झाली होती ती यासाठीच.

आईने आणखी चार वेळा लावला. पाचव्यांदा ती पाटी तिने एकेक शब्द सुटा करून वाचली, बालवाडीतल्या पोरांना वाचून दाखवावी तशी. मग फोन मांडीवर पालथा घातला.

"म्हणजे खरंच गेला," ती म्हणाली, आणि मगच रडली.

त्याला आणता येणार नव्हतं. नोव्हेंबरात पहिलं विमान उतरेपर्यंत त्याला तिथेच बर्फात ठेवणार होते. सुतक कधी धरायचं, कधी सोडायचं, हे कुणालाच सांगता येईना. लोक येऊन बसत आणि काय बोलावं ते न कळून उठून जात. सुनीतीने रजा वाढवली.

दहाव्या-बाराव्या दिवशी आईने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. भरतेशशी बोलणं झालं की त्या तारखेला ती पेन्सिलीने टिंब करत असे.

"यातले खरे किती?"

"आई, कशाला ते?"

"तुमच्याकडे नोंद असते म्हणालीस. मला हवीय."

नोंद होती. गळून पडलेली प्रत्येक चिठ्ठी प्रॉक्सीच्या वहीत जशीच्या तशी होती. मार्चपासून जुलैपर्यंत एकशे एकतीस फोन. त्यातले खऱ्या भरतेशचे बावीस.

दोघी दुपारभर कॅलेंडर घेऊन बसल्या. सुनीती तारीख वाचायची, खरी असली तर आई टिंबाभोवती गोल करायची. पाडव्याचा फोन खरा निघाला तेव्हा आई हसलीसुद्धा. "तेव्हा खोकत होता. मी काढा सांगितला होता." एप्रिलात सलग अठरा दिवस एकही गोल आला नाही. मे महिन्याचं पान उलटल्यावर आईने स्वतःच अकरा तारखेवर बोट ठेवलं.

"हा आधी सांग."

सुनीतीला ती तारीख माहीत होती. दोन वर्षांपूर्वी भरतेशला वर्षा नावाच्या मुलीशी लग्न करायचं होतं. तिचा घटस्फोट झालेला, पदरात चार वर्षांची मुलगी. आईने घर डोक्यावर घेतलं, वर्षाच्या दारात जाऊन नाही नाही ते बोलून आली. वर्षा गाव सोडून भावाकडे बेळगावला गेली. भरतेश त्यावर एक शब्दही बोलला नाही. बर्फात जायचा अर्ज मात्र भरून टाकला. मग या अकरा मे रोजी आईने सुनीतीला फोन करून रडत सांगितलं होतं, "आज मी विषय काढला. तो म्हणाला, आई, माझ्या मनात काही राहिलं नाही. तू डोक्यातून काढून टाक."

आई वाट बघत होती. खोटं बोलायला फक्त एक शब्द लागला असता. पण तिला आपली ती एक ओळ आठवली, उत्तर कोणी दिलं हे पुढे न पाठवणारी, आणि आता पुन्हा तेच करायचं तिच्याच्याने होईना.

"प्रतिरूप," ती म्हणाली.

आईने पेन्सिल खाली ठेवली नाही, पुढच्या तारखा तशाच लावून घेतल्या. जुलैची यादी संपत आली तेव्हा सुनीती एक नोंद गाळून पुढे गेली. पण आईचं लक्ष पडद्यावर होतं.

"अठरा जुलै. सतरा मिनिटं. हे काय?"

"काही नाही."

"सोमवारी मी बोललेच नाही त्याच्याशी. डोळ्यांच्या दवाखान्यात होते दिवसभर, फोन घरी राहिला होता." आईने सुनीतीकडे बघितलं. "सोमवार म्हणजे आदला दिवस."

ती नोंद उलट्या दिशेची होती. त्या दिवशी भरतेशने घरी फोन केला होता. आईचा फोन कोणी उचलला नाही, तेव्हा प्रॉक्सीने तो आईच्या प्रतिरूपाकडे दिला होता.

"ऐकव," आई म्हणाली.

आधी वाऱ्याचा आवाज आला. मग भरतेश.

"आई?"

"बोल रे. जेवलास का?"

"जेवलो. काल लाईन बरी होती इकडं. दोन-अडीच महिन्यांचे गोषवारे एकदम आले. आज सकाळपासून वाचत बसलोय."

"हो का? काय वाचलंस मग?"

नुसता वारा ऐकू आला. मग तो म्हणाला, "आई, तुझा आवाज जरा वेगळा लागालाय. तूच आहेस ना?"

"मीच की रे. दुसरं कोण असणार?"

पुन्हा वारा. त्यानंतर तो दहा-बारा मिनिटं जनरेटरचं, आमटीचं, अंधाराचं काहीबाही बोलत राहिला. शेवटी म्हणाला, "बरं, ठेवतो. उद्या आहेस ना घरात? उद्या बोलतो."

"घरातच आहे. मी कुठं जाणार?"

रेकॉर्डिंग संपलं. आई आपल्याच आवाजाकडे बघत असावी तशी लॅपटॉपकडे बघत राहिली.

"त्यानं मे महिन्यातलं वाचलं होतं," ती म्हणाली.

"हो. गोषवारा उघडल्याची वेळ आहे. त्यानंतर तासाभरात फोन केलाय."

"मशीन आपल्या नावानं काय बोललं ते त्याला त्या दिवशी कळलं. मग तो काय सांगणार होता मला? मी असं बोललोच नव्हतो, अजून राग आहे, हे? का मशीन बोललं ते खरंच आहे, हे?"

"माहीत नाही, आई."

"कुठंतरी नोंद असेल."

"नाही. ते तो बोललाच नाही, तर नोंद कुठून असणार?"

आईने मान हलवली. आता सांगितलं नाही तर आपण कधीच सांगणार नाही, असं सुनीतीला वाटलं, आणि तिने पिवळ्या ठिपक्याचं सगळं सांगितलं. ठिपका असता तर त्याला विचारावंच लागलं नसतं. समोर मशीन आहे हे दिसलं असतं, त्याने मागाहून पुन्हा फोन केला असता, तोवर आई घरी आली असती.

"तुला कोणी सांगितलं ती ओळ लिहायला?"

"साहेबांनी."

"आणि तू लिहिलीस."

"हो."

आई कॅलेंडर गुंडाळून आत घेऊन गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती सुनीतीशी भाजी, दूध, औषध एवढंच बोलायची.

ऑगस्टच्या शेवटी सुनीती पुण्याला कामावर गेली आणि कामतांना भेटली. त्यांनी दार लावून घेतलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"ठिपका परत आणायचा म्हणतेस. सुनीती, तुझं दुःख मला समजतं. पण लोकांना तो नको आहे, हे तूच आकडे काढून मला दाखवलं होतंस."

"लोकांनी विचारलं तर खरं सांगायला पाहिजे ना, सर? माझ्या भावाने विचारलं होतं. सरळ शब्दांत विचारलं होतं. आपण त्याला खोटं सांगितलं."

"आपण नाही. प्रतिरूपाने सांगितलं."

सुनीती आपल्या जागेवर येऊन बसली. सकाळचे अकरा वाजले होते. तिने प्रॉक्सीची यादी उघडली आणि ती ओळ काढून टाकली. चिठ्ठ्या पुढे जाऊ लागल्या. देशभर लोकांच्या फोनवर पिवळे ठिपके उमटले. दुपारी चारला कामतांच्या माणसांनी ती ओळ परत घातली. त्या पाच तासांत लाखावर फोन मध्येच तुटले होते. कंपनीला शिव्यांची पत्रं आली. आमचा मुलगा आम्हाला परत द्या, असंही एका बाईंनी लिहिलं होतं. त्यांना ठिपका नको होता. सुनीतीची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. ती सामान घेऊन इचलकरंजीला आली. आईने ताटात एक भाकरी जास्त वाढली.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भरतेश घरी आला. पेटीबरोबर त्याचा खोलीतला सोबती होता, दीपांकर बोरा नावाचा आसामी हवामानतज्ज्ञ. पंचगंगेकाठी अग्नी दिला तेव्हा तो बाकीच्यांच्या मागे एकटाच उभा राहिला. आईने त्याला दोन दिवस ठेवून घेतलं. आपल्या मोडक्या हिंदीत ती त्याला एकेक विचारत होती. भरतेश किती वाजता उठायचा, गरम कपडे पुरत होते का, कोणाशी भांडायचा का. बोरा मोजकं बोलणारा माणूस होता, पण उत्तर द्यायचा ते नीट आठवून. आठवलं नाही तर 'याद नहीं, माँ' म्हणून मोकळा व्हायचा. आईला त्या 'याद नहीं'चंही बरं वाटत असावं.

जायच्या आदल्या संध्याकाळी चहा पिताना आईने विचारलं, "सोमवारी त्यानं घरी फोन केला होता. त्यानंतर काही बोलला?"

बोराने कप खाली ठेवला. "मेस में आया था. मैंने पूछा, बात हुई? बोला, नहीं, माँ घर पे नहीं थी."

सुनीतीच्या हातातला चमचा तसाच राहिला. मशीन बोलतंय हे त्याने ओळखलं होतं.

"असं म्हणाला? घर पे नहीं थी?"

"हाँ, माँ. बोला, कल करूँगा."

"और?"

"और कुछ नहीं. फिर चाय पी, और सो गया."

आई बराच वेळ बोराच्या मनगटावर हात ठेवून बसली होती. तोही हात न हलवता बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याला बसमध्ये बसवून दोघी चालत घरी निघाल्या. मागांचा खडखडाट दोन्ही बाजूंनी येत होता. जनता चौकाच्या अलीकडे आई म्हणाली, "तू मला ते सगळं सांगायला नको होतंस. मेचा फोन, सोमवारचा फोन. निदान मेचा तरी माझ्याजवळ राहिला असता."

"अजून तसं वाटतं?"

"वाटतं." दोन पावलं गेल्यावर ती म्हणाली, "सांगितलंस ते बरं झालं, असंही वाटतं. दोन्ही वाटतं. एकातून दुसरं वजा होत नाही."

सुनीतीने तिच्या हातातली पिशवी घेतली.

"बेळगावची बस किती वाजता असते?" आईने विचारलं.

"सकाळी असते एक. का?"

"वर्षाला कुणी कळवलंय का?"

"नाही."

"मग मी जाऊन सांगते," आई म्हणाली. "फोनवर नको."